गिरणीच्या धोट्यापासून कंत्राटापर्यंत : आधुनिकतेने जात मोडली का?

"जात आता राहिली कुठे? मॉलमध्ये शिरताना कोणी जात विचारतं का? कंपनीत फक्त गुणवत्ता बघतात. जागतिकीकरणाने जात संपवली, तुम्हीच ती उगाळत बसता."

हे बोल आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहेत. कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकले, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऐकले, व्हॉट्सअॅपवर तर रोजच वाचतो. आपण चिडतो, अत्याचाराच्या दोन-चार बातम्या पुढे करतो. समोरचा म्हणतो, "ते खेड्यात होतं, शहरात नाही." तिथे वाद संपतो आणि आपण हरल्यासारखे होतो. हरण्याचे कारण असे की आपण या प्रश्नाचे उत्तर बातम्यांत शोधतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. 'आधुनिक जग आले की जात आपोआप जाईल' हा दावा जागतिकीकरणाइतका नवा नाही. त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली आहेत, आणि एवढ्या काळात तो अनेकदा कसाला लागला आहे.

१८५३ चे भाकीत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात कार्ल मार्क्सचा हिंदुस्थानवरचा लेख छापून आला. रेल्वेतून आधुनिक उद्योग उभे राहतील आणि जातिव्यवस्था ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभी आहे ती विभागणी हे उद्योग विरघळवून टाकतील, असे भाकीत त्याने त्यात केले होते. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. म्हणजे भाकीत आणि त्याची प्रयोगशाळा एकाच वेळी तयार झाली.

समाजशास्त्राच्या वर्गात हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत शिकवतात. पारंपरिक समाजात माणसाला जन्माने मिळालेला 'अर्पित दर्जा' असतो, आधुनिक समाजात कर्तृत्वाने मिळवलेला 'अर्जित दर्जा' येतो. कारखाना, शहर, बाजार आणि शिक्षण आले की पहिला जातो आणि दुसरा येतो. एम.ए.च्या परीक्षेत मीही हे उत्तर लिहिले आणि मला त्याचे मार्क मिळाले. पण मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास वाचला की हे उत्तर अर्धेच खरे असल्याचे कळते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हा लेख आधुनिकतेच्या विरोधात नाही. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. १९१८ साली भारतातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर लिहिताना त्यांनी उपाय सांगितला तो औद्योगिकीकरणाचा. जमिनीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार उद्योगांनी उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावलेले खडे बोल आपल्याला पाठ आहेत. गांधीवाद्यांच्या यंत्रविरोधालाही त्यांनी उत्तर दिले. दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत ते यंत्र काही मोजक्यांच्या नफ्यासाठी चालते त्या रचनेचा आहे, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा यंत्र हवे की नको, हा आपला प्रश्न नाही. यंत्र ज्या दारातून येते त्या दारावर कोण उभा आहे, हे आपल्याला पाहायचे आहे.

पहिले दार : पलटण

आपल्या समाजासाठी आधुनिक जगाचे पहिले दार गिरणीचे नव्हते, पलटणीचे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. गावगाड्यात येसकरी करणारा माणूस सैन्यात गेला की त्याला नियमित पगार, गणवेश, हुद्दा आणि पुढे पेन्शन मिळे. सैनिकांच्या मुलामुलींसाठी शाळा होत्या. सुभेदार रामजी सकपाळ याच सैन्यातले, आणि ते स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. ज्या घरात भीमराव वाढले त्या घरात पुस्तके होती ती या दारामुळे.

पण १८९२-९३ च्या सुमारास ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगरलढाऊ जाती' असे वर्गीकरण झाले आणि तोवर लढलेल्या माणसांना एका फटक्यात बिगरलढाऊ ठरवण्यात आले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळेंनी तीच मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची तुकडी उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात.

यातला धडा साधा आहे. जगातले सर्वांत 'आधुनिक' म्हणवणारे साम्राज्य गरज असेल तेव्हा दार उघडते, आणि गरज संपली की जातीचेच कारण पुढे करून ते बंद करते. दार आपल्या हक्काचे नसेल तर ते कायम उघडे राहत नाही.

दुसरे दार : गिरणी आणि धोटा

मुंबई हे जागतिकीकरणाचेच अपत्य आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले. पुढे जपानने तो बाजार काबीज केला. अमेरिकेतली लढाई, चीनमधला ग्राहक आणि जपानमधला कारखानदार मिळून परळच्या चाळीतल्या चुलीचे भवितव्य ठरवत होते. 'ग्लोबल' हा शब्द आपल्या शब्दकोशात नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे.

या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, त्यांत अस्पृश्यही आले. गावकीचे बलुते आणि वेठबिगार सोडून रोख पगाराच्या कामाला लागणे ही फार मोठी मुक्ती होती, हे नाकारायचे कारण नाही. पण गिरणीत शिरायचे कसे? भरती जॉबरच्या हातात होती. जॉबर माणसे आणायचा ती आपल्या गावची, आपल्या भावकीतली, आपल्या जातीतली. लोखंडी यंत्र मँचेस्टरहून आले, पण त्या यंत्रासमोर कोणी उभे राहायचे हे गावच्या नात्यागोत्याने ठरू लागले.

आणि गिरणीच्या आतही गावकुस होतेच. चांगल्या पगाराचे काम होते विणकामाचे. तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. त्यांना रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या कामावर ठेवले जाई. कारण काय सांगितले जाई? धोट्यातले सूत संपले की कामगार नवी कांडी घालतो आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेतो. त्याच धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागते. अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला तोंड लावले तर सवर्ण कामगार बाटतो. पिण्याच्या पाण्याचे माठही वेगळे असत.

आता हाच धोटा अमेरिकेत पाहा. मॅसेच्युसेट्समधल्या गिरण्यांतही कामगार असेच तोंडाने सूत ओढत. त्यातून रोग पसरतो, क्षय होतो, अशी ओरड झाली आणि त्या राज्याने १९११ मध्ये असे धोटे वापरण्यावर कायद्याने बंदी घातली. यंत्र एकच. एका समाजाने त्यात रोग पाहिला आणि यंत्र बदलले. आपल्या समाजाने त्यात विटाळ पाहिला, यंत्र तसेच ठेवले आणि माणूस बाहेर काढला. यंत्राला जात नसते हे खरे, पण ते ज्या समाजात बसवले जाते तो समाज त्याला जात शिकवतो. मार्क्सच्या भाकितात हीच कडी सुटली होती. १९३६ साली बाबासाहेबांनी ती दाखवून दिली. जात नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली रचून एकमेकांपासून तोडते, असे त्यांनी सांगितले. कामे बदलली तरी ही उतरंड नव्या कामांवर पुन्हा बसवता येते.

१९२८ : संपात विचारलेला प्रश्न

१९२० च्या दशकात जपानी आणि लँकेशायरच्या मालाशी स्पर्धा करता येईना, म्हणून मालकांनी नवी पद्धत आणली. दोन मागांऐवजी तीन माग एका कामगाराने चालवायचे. माणसे कमी करायची, काम वाढवायचे. आजच्या भाषेत त्याला 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणतील. त्याविरुद्ध एप्रिल १९२८ मध्ये मुंबईत सार्वत्रिक संप झाला आणि जवळपास सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार रस्त्यावर होते.

बाबासाहेबांनी त्या वेळी संपाच्या पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे, विणकाम खात्यातली बंदी उठली पाहिजे, ही मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? नेत्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांचे उत्तर असे, की हा अन्याय असेलही, पण तो आमच्यामुळे होत नाही.

या उत्तरावर थोडे थांबा. भांडवलदार म्हणतो, मी बंदी घातलेली नाही, तुमचेच कामगार बांधव त्यांच्याबरोबर काम करायला तयार नाहीत. सवर्ण कामगार म्हणतो, आधी सगळे मिळून मालकाशी लढू, जातीचे नंतर बघू. दोघेही आपापल्या परीने 'आधुनिक', आणि दोघांच्या मधोमध अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या खात्यात उभा. आजही कंपनी म्हणते, "आमच्याकडे भेदभाव नाही, योग्य उमेदवारच येत नाहीत." भाषा बदलली, पण उत्तर तेच राहिले.

यातूनच बाबासाहेबांची पुढची भूमिका समजते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आखडणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांसोबत संपात उतरले. म्हणजे बाबासाहेब कामगार एकजुटीच्या विरोधात होते, हा प्रचार खोटा आहे. आपला प्रश्न 'नंतर बघू' म्हणणारी एकजूट त्यांना मान्य नव्हती, एवढेच.

दार कशाने उघडले?

मग आपल्या समाजात शिकलेला, नोकरदार, फ्लॅट घेणारा, मुलांना परदेशी पाठवणारा वर्ग आला कुठून? बाजाराने दिला का? तारखा बघा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. त्याच काळात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. पुढे संविधानाने कलम १५, १६ आणि १७ दिले. मग सार्वजनिक क्षेत्र वाढले. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ आले, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याला रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ, एसटी, दारूगोळा कारखाने आणि महापालिकांची जोड मिळाली.

दोन पिढ्यांत आपली जी प्रगती झाली ती या दारांतून झाली. आणि या प्रत्येक दारावर तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या. कायदा होता, तो राबवायला लावणारी संघटना होती, आणि निर्णय होतो त्या टेबलावर आपला माणूस होता. रेल्वे आली म्हणून आपण स्टेशनमास्तर झालो नाही. रेल्वे १८५३ लाच आली होती. राखीव जागेचा कायदा झाला तेव्हा आपण स्टेशनमास्तर झालो. मधल्या नव्वद वर्षांत रूळ तेच होते.

१९९१ नंतर : दार तिथेच, भिंत सरकली

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्याच विझत गेल्या. १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. त्याच वर्षीच्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकाम असलेली जमीन मालकाकडेच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मुंबईच्या पोटातली शेकडो एकर जमीन अशी टॉवर आणि मॉलच्या हवाली झाली.

आता त्याच जमिनीवरच्या काचेच्या इमारतींत काम कोण करतो? सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, लिफ्ट, पार्किंग ही सगळी कामे कंत्राटी एजन्सीकडे. त्यात कोणत्या जातीचे किती लोक आहेत याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये कोणत्या जातीचे किती, याचीही नोंद नाही. सरकारी कार्यालयात निदान बिंदुनामावली असते, अनुशेष मोजता येतो, माहिती अधिकारात मागता येतो. खासगी क्षेत्रात मोजदादच नाही, म्हणून 'जात दिसत नाही'. ती नसते म्हणून दिसत नाही असे नाही, मोजली जात नाही म्हणून दिसत नाही.

आरक्षण रद्द करण्याची कोणाला गरजच पडली नाही. संविधानातले कलम तसेच आहे, पण ज्या नोकरीला ते लागू होते ती नोकरीच संपवली. दार तिथेच आहे, भिंत मात्र सरकली. सरकारी खात्यातही हेच चालू आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सरकारने कंत्राटी मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ खासगी संस्था नेमल्या. तरुण रस्त्यावर आले, ओरड झाली, आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ वरिष्ठ पदे थेट बाहेरून भरण्याची जाहिरात काढली, त्यात आरक्षण नव्हते. तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. ही दोन उदाहरणे मुद्दाम देतो आहे. भिंत सरकवणारे हात थकत नाहीत हे त्यातून दिसते, आणि आपण उभे राहिलो तर भिंत थांबते हेही दिसते.

झाडू : आधुनिक शहराचे गुपित

आधुनिक शहरात कोणते काम कोणत्या जातीकडे राहिले हे पाहायचे असेल तर पहाटे पाच वाजता कचऱ्याच्या गाडीमागे जावे. संगणक आला, मेट्रो आली, पण झाडू कोणाच्या हातात आहे? मुंबई महापालिकेने १९९० च्या दशकापासून कचरा उचलण्याचे काम कंत्राटदारांकडे द्यायला सुरुवात केली. या कामगारांत दलित मोठ्या संख्येने, त्यांत मराठवाड्यातून दुष्काळाने बाहेर पडलेली कुटुंबेही होती. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होत असे, म्हणून वीसपेक्षा कमी माणसांची छोटी-छोटी कंत्राटे निघाली. कामगारांना 'स्वयंसेवक' असेही नाव देण्यात आले. स्वयंसेवक म्हटले की पगार द्यावा लागत नाही, मानधन पुरते.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षे लढवली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हातमोजे, साबण, प्यायला पाणी यांपासून सुरू झालेला लढा कायम नोकरीपर्यंत गेला. पण व्यवस्थाही शिकते. २०२० च्या नव्या कामगार संहितेत कंत्राटी कामगारांसाठीची वीसची मर्यादा पन्नास करण्यात आली आहे. म्हणजे पूर्वी पळवाट काढायला एकोणीस माणसांचे कंत्राट लागे, आता एकोणपन्नास माणसे चालतील.

वस्तीत काम करताना मी पाहतो, बारावी झालेला, पदवी घेतलेला मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीवर सही करतो. त्याच्या आजोबांना गिरणीत भरतीसाठी जॉबरच्या मागे फिरावे लागे. नातू कंत्राटदाराच्या मागे फिरतो. आजोबांना निदान युनियन होती.

आडनाव : परदेशी गेलेली जात

"ते झाडूवाल्यांचे झाले, शिकलेल्यांचे काय?" असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा ठेवला. दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. मुलाखत व्हायची होती, गुण पाहायचे होते, त्याच्या आधीच आडनावाने निकाल लावला. आजच्या कंपन्यांत 'रेफरल'ने भरती होते, म्हणजे आतला माणूस आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव सुचवतो. हा जॉबरच आहे, फक्त त्याने टाय लावला आहे.

आणि जात विमानातही बसते. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर खटला दाखल केला. भारतीय सवर्ण वरिष्ठांनी एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केला, असा त्यात आरोप होता. पुढे त्या दोन व्यक्तींवरचा दावा खात्याने मागे घेतला. पण अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅलीत 'जात' हा शब्द पहिल्यांदा सरकारी कागदावर आला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलने जातिभेदावर बंदी घालणारा ठराव केला, असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरने ते नाकारले. म्हणजे १९२८ मध्ये विणकाम खात्याच्या दारावर जी लढाई होती, तीच आज सातासमुद्रापार सुरू आहे. जातीचे जागतिकीकरण झाले, तसे जातीविरुद्धच्या लढ्याचेही झाले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले होते, त्या धाग्याचे पुढचे टोक आज आपल्या तरुणांच्या हातात आहे.

आपल्यातले दोन मतप्रवाह

आपल्या चळवळीत यावर दोन टोकाची मते आहेत. एक म्हणते, जागतिकीकरण हीच मुक्ती. इंग्रजी शिका, उद्योजक व्हा, नोकरी मागणारे न राहता देणारे व्हा, भांडवल जात बघत नाही. २००५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या संघटनेच्या, 'डिक्की'च्या, मागे हा विचार आहे. दुसरे मत म्हणते, जागतिकीकरण म्हणजे नुसता कट, सगळे नाकारा.

पहिल्या मतात खरेपण आहे. आपल्या माणसाने कारखाना काढला तर अभिमानच वाटतो. पण कर्ज देणारी बँक, माल घेणारी कंपनी आणि जागा देणारा मालक यांना आडनाव दिसतेच. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद करावी लागली, ती यामुळेच. म्हणजे उद्योजकालाही बाजारापेक्षा कायदाच कामाला आला. आणि थोडे उद्योजक झाले म्हणून लाखो कंत्राटी कामगारांचा प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या मतातही खरेपण आहे, पण सगळे नाकारून जायचे कुठे? परत गावगाड्यात? ज्या खेड्यातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर पडायला सांगितले तिथे? कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून, रुपयाच्या विनिमय दरावर प्रबंध लिहून जगाच्या अर्थकारणाला भिडलेल्या माणसाचे आपण वारस आहोत. जगाला घाबरणे आपल्या परंपरेत बसत नाही.

माझे म्हणणे असे : बदल होतच राहणार. गिरणी गेली, कॉल सेंटर आले, आता कृत्रिम बुद्धिमत्ता अर्ज चाळू लागली आहे. जुन्या भरतीच्या नोंदींवर शिकवलेले यंत्र जुना पक्षपातही शिकेल, म्हणून उद्याचा धोटा तिथे असू शकतो. प्रत्येक नव्या व्यवस्थेच्या दारावर पहिल्या दिवशीच जाऊन १९२८ चा प्रश्न विचारणे हे आंबेडकरी तरुणाचे काम आहे : सर्व खात्यांत आम्हाला प्रवेश आहे का? कागदावर दाखवा.

म्हणून काही ठोस कामे. खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्वाची मागणी करण्याआधी आणि करताना मोजदादीची मागणी लावून धरा. मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारी कंत्राट घेणाऱ्या प्रत्येक एजन्सीने सामाजिक प्रवर्गनिहाय आकडे जाहीर करावेत. खासगी उच्च शिक्षणात राखीव जागांसाठी २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने मार्ग मोकळा केला, पण केंद्राने त्यासाठी देशव्यापी कायदा केलेला नाही. तो प्रश्न प्रत्येक खासदाराला विचारा. आपल्या तालुक्यातल्या नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार किती, त्यांना किमान वेतन मिळते का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, ही माहिती अधिकारातली तीन प्रश्नांची चिठ्ठी कोणीही टाकू शकतो. उत्तर आले की कामगारांना घेऊन बसा आणि युनियन बांधा. आणि आपल्यातले जे वरच्या मजल्यावर पोहोचले आहेत, त्यांनी खालच्या कंत्राटी कामगाराच्या बाजूने एकदा तरी तोंड उघडावे. ज्या दारातून आपण आत आलो ते कोणीतरी खांद्याने ढकलून उघडे ठेवले होते.

जयंतीला डीजे लावायला वर्गणी जमते. त्यातली काही वर्गणी एका औद्योगिक न्यायालयातल्या दाव्यासाठी जमली, तर बाबासाहेब मजूरमंत्री होते हे आपल्याला खरोखर आठवले असे म्हणता येईल.

जय भीम!